वजनकाटा: रोजनिशीतील पाने

२४ जून २०२४, सोमवार

ओपीडी. शेवटी घाटकोपरचे जोडपे. तो बेस्टमध्ये कंडक्टर, सत्तेचाळीस वर्षांचा. हिपॅटायटिस बी, त्यातून सिरॉसिस. पोट पाण्याने तट्ट, दंड काठीसारखे. गळ्यात तुळशीची माळ. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "मॅडम, माळकरी आहे मी. थेंबसुद्धा घेतलेला नाही कधी." किती दारांत उभे राहून हे सांगावे लागले असेल. बी विषाणूची लस सरकारी लसीकरणात देशभर पोचायला २०११ साल उजाडले. हा त्याच्या कितीतरी आधी जन्मला.

बायको यकृताचा भाग द्यायला तयार. रक्तगट जुळतो. एमआरआयवर तिच्या यकृतात चरबी १८ टक्के. उजवा भाग काढला तर तिच्याकडे ३४ टक्के उरणार. चरबी असलेले ३४ टक्के तिला पुरणार नाहीत.

"किती किलो उतरवू?"
"सहा-सात."
"किती दिवसांत?"
त्याच्या क्रिएटिनिनचा आकडा समोर होता. म्हणाले, जेवढ्या लवकर जमेल तेवढ्या.

वजन ७४.२.

२६ जून

अंधेरीचा मुलगा. वडिलांना उजवा भाग दिला, आज पाचवा दिवस. ड्रेनमध्ये १४० मिली पित्त. कापलेल्या कडेतून गळते आहे.

चोवीस वर्षांचा. शुक्रवारी सकाळी सातला स्वतःच्या पायांनी चालत ओटीत आला. त्याला काहीही झालेले नव्हते. आता झाले आहे, ते माझ्या हातून.

वडील छान आहेत. आई मला पाहिले की उठून उभी राहते. बोलत नाही.

२८ जून

१३० मिली.

२९ जून, शनिवार

रात्री साडेअकरानंतर फटाके. विश्वचषक जिंकला. आयसीयूत बेड चारने डोळे उघडले. "दिवाळी आहे?" त्याला कोणता महिना चालू आहे ते विचारायचे होतेच. आता विचारायला नको. अमोनिया वाढलेला असणार.

२ जुलै

कंडक्टरची आई आली. सत्तरीची, साताऱ्याकडची. दारातूनच: "बाई, माझ्या सुनंचं काळीज काढणार म्हणं तुमी."

तिच्या हिशेबाने सून जाणार आणि मुलगा राहणार. तिकडे काळीज म्हणजे यकृतही आणि धडधडते तेही. सगळ्या घराने आठवडाभर या एका शब्दाखाली काढला होता. कागदावर चित्र काढले. इथून इथपर्यंत कापायचे, एवढे राहते, ते दोन-तीन महिन्यांत जवळजवळ पहिल्याएवढे होते.

"आन् ह्याच्यात गेलेलं?"
"तेही वाढतं."
बराच वेळ कागद बघत राहिली. "जास्वंदीची फांदी लावत्यात तसं."
हो म्हणाले. याहून बरे मला आजवर सांगता आलेले नाही.

तो कागद घेऊन गेली.

४ जुलै, गुरुवार

मरीन ड्राइव्हवर विजयी मिरवणूक. दुपारपासून गाड्या भरून दक्षिणेकडे. संध्याकाळच्या पाळीच्या दोन सिस्टर उलट्या दिशेने येत होत्या तरी तासभर उशिरा पोचल्या.

अंधेरीच्या मुलाला एंडोस्कोपीतून पित्तनलिकेत स्टेंट घातला. त्याने विचारले, ऑफिसला कधी जाता येईल? तारीख दिली नाही.

५ जुलै

कंडक्टरची बायको ७२.९. आचार्य अत्रे मैदानात चिखल आहे, म्हणून पंतनगरच्या गल्ल्यांतून चालते. पेट्रोल पंपाच्या बाजूने जात नाही. मे महिन्यात तिथे होर्डिंग कोसळून सतरा माणसे गेली. कामही चालूच. एका पोळी-भाजी केंद्राच्या दोनशे पोळ्या रोज लाटते. स्वतः एक खाते.

८ जुलै, सोमवार

रात्री एकपासून सकाळी सातपर्यंत काही ठिकाणी तीनशे मिलीमीटर. मध्य रेल्वे ठप्प. रात्रपाळीतल्या सगळ्या जणी थांबल्या. कुणी घरी जाऊ का विचारले नाही. मावशींनी पँट्रीत मोठ्या पातेल्यात खिचडी लावली.

ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली. रक्तपेढीतून प्लाझ्मा वेळेत येईल याची खात्री नाही, तर पोट उघडायचे नाही.

आईचा फोन. मुलुंडला जिन्यापर्यंत पाणी. "तू नको येऊस. खाल्लंस का?"

१० जुलै

दात्याची मुलाखत, व्हिडिओसमोर. नवरा-बायको असले तरी कागद लागतातच: लग्नाचा दाखला, फोटो, रेशनकार्ड. १९९४ चा कायदा, २०१४ चे नियम. किचकट वाटतात. किडन्या विकल्या जात तो काळ आठवला की किचकट वाटत नाहीत.

नंतर तिला एकटीला बसवले. प्रत्येक दात्याला सांगते तेच सांगितले. उजवा भाग देणाऱ्या हजारांत दोन ते पाच जण दगावतात. नको वाटले तर शेवटच्या सकाळीसुद्धा नाही म्हणता येते. घरच्यांना आम्ही एवढेच सांगू की तुम्ही वैद्यकीयदृष्ट्या बसत नाही. कारण सांगणार नाही.

"म्हणजे तुम्ही खोटं बोलाल?"
"तुमच्यासाठी, हो."
"नाही लागणार," म्हणाली. मग जरा थांबून, "पण सांगितलंत ते बरं केलंत."

७१.८.

११ जुलै

अंधेरीचा ड्रेन २० मिली. दोनदा मोजायला लावले.

रात्री भांडुपची मुलगी. एकोणीस वर्षांची. दूषित पाण्यातून कावीळ, हिपॅटायटिस ए. आठ दिवस कावीळ उतरवणाऱ्याकडे नेत होते. गळ्यात वनस्पतीच्या काड्यांची माळ. कावीळ उतरते तशी माळ लांबत जाते म्हणतात. काड्या सुकतात, गाठी सैल होतात. माळ गुडघ्यापर्यंत आली होती, आणि मुलगी आईला ओळखत नव्हती.

आईवर रागवायला जीभ धजली नाही. बहुतेकांची ही कावीळ आपोआप बरी होते. म्हणून तर माळेवर विश्वास बसतो.

१२ जुलै

आयएनआर ६ च्या वर. बापाचा रक्तगट जुळत नाही, आईला मधुमेह. मुलीचे नाव सुपर-अर्जंट यादीत. बी पॉझिटिव्ह.

कंडक्टरही बी पॉझिटिव्ह. आमच्याकडच्या बी गटाच्या यादीत कालपर्यंत तो सगळ्यांत वर होता.

१३ जुलै, शनिवार

रात्री ९.४०. शीवच्या झेडटीसीसीतून, अवयववाटप केंद्रातून, फोन. बोरिवलीकडच्या एका रुग्णालयात बावन्न वर्षांची बाई, मेंदूत रक्तस्राव. चार डॉक्टरांच्या समितीने दोनदा तपासले, मध्ये सहा तास. घरचे तयार. रक्तगट बी.

सुपर-अर्जंट सगळ्यांच्या आधी. नियम स्पष्ट आहे आणि बरोबर आहे.

कंडक्टरची बायको आयसीयूबाहेरच होती. कालपासून तो पाणी काढायला दाखल आहे. ती त्या मुलीच्या आईजवळ बसली होती, मध्ये डबा उघडा. तिला काय माहीत आहे, काय नाही, विचारले नाही.

१४ जुलै, रविवार

पहाटे बोरिवली. ओटीत सगळे उभे राहिलो. दोन मिनिटे. यकृत मऊ, कडा धारदार, चरबी नाही. ४.५२ ला क्लॅम्प. थंड द्राव आत गेला तसा तांबूस रंग उतरत राखाडी झाला. वजन ११८० ग्रॅम.

दारात बाईंचा मुलगा. आमच्या को-ऑर्डिनेटरला म्हणाला, "कुणाला मिळालं ते कळेल का?" कायद्याने सांगता येत नाही. "ठीक आहे. पण बरं झालं की नाही, एवढं दहाव्यापर्यंत कळवा."

पश्चिम द्रुतगती महामार्ग, मग जेव्हीएलआर. प्रत्येक सिग्नलला रेनकोट घातलेला वाहतूक पोलीस, हात वर. पेटी माझ्या दोन पायांमध्ये. एकतीस मिनिटे.

मुलीचे जुने यकृत काढले तेव्हा ते मुठीएवढे आक्रसलेले, पिवळे. ते बाहेर आले आणि नवे जोडायचे होते. या मधल्या तासाला माणसाच्या शरीरात यकृतच नसते. साखर सतत बघत राहायची. भूलतज्ज्ञ आकडे मोठ्याने सांगतात, बाकी कुणी बोलत नाही.

९.४५ ला रक्त सोडले. राखाडीचे गुलाबी, गुलाबीचे तपकिरी. मोजून अर्धे मिनिट. एवढी वर्षे झाली, तरी या अर्ध्या मिनिटात मी श्वास रोखते.

दुपारी पित्त. सोनेरी.

१६ जुलै

मुलीने विचारले, "आई कुठाय?"

१७ जुलै, बुधवार

आषाढी. कंडक्टर रात्रीपासून भानावर नाही. पलंगाच्या कठड्याला धरून उभा राहायला बघतो. "पुढे चला, पुढे चला, जागा आहे." सिस्टरकडे हात पुढे करतो, सुट्टे मागतो. बायकोने त्याच्या मुठीत रुपया ठेवला, तेव्हा शांत झाला.

दरवर्षी आळंदीपासून चालत जायचा. सतरा वर्षे. यंदा जमले नाही.

क्रिएटिनिन १.९. मेल्ड २९.

तिने स्वतःहून काट्यावर पाय ठेवला. ७०.१.

१९ जुलै

६९.४. एमआरआय: चरबी ११ टक्के.

बैठक. सगळ्यांचे मत: सोमवारी करू. अकरा चालेल, अनेक ठिकाणी करतात. मी म्हणाले, दहाच्या खाली येऊ दे. एक आठवडा. तिच्याकडे ३४ टक्केच राहणार आहे.

कुणी वाद घातला नाही. मला वाटले होते, कुणीतरी घालेल.

घरी आले. झोप नाही. दहाचा आकडा पुस्तकातला, की अंधेरीच्या ड्रेनमधला?

२० जुलै, शनिवार

पहाटे त्याला ताप. पोटातल्या पाण्याच्या तपासणीत पेशी ६४०. जंतुसंसर्ग. आता तो उतरेपर्यंत कोणतीच शस्त्रक्रिया नाही.

काल हो म्हणाले असते तरी सोमवार उजाडायच्या आधी हा ताप आलाच असता. हे खरे आहे. चार वेळा स्वतःला सांगितले.

२१ जुलै

ताप १०१.

२२ जुलै

पूर्वीच्या लोकांचे वाचत बसले. १ मार्च १९६३, डेन्व्हर. सर्जन स्टार्झल यांचा यकृतरोपणाचा पहिला रुग्ण तीन वर्षांचा मुलगा, टेबलावरच गेला. पुढचेही गेले. मध्ये थांबले. १९६७ साली पहिल्यांदा एक मूल वर्षापलीकडे जगले. थांबण्याच्या त्या वर्षांत त्यांनी काय केले? परत प्रयोगशाळेत गेले.

१९८९, ब्रिस्बेन: जपानी आईचा तुकडा तिच्या बाळाला. नोव्हेंबर १९९८, दिल्ली: वडिलांचा, वीस महिन्यांच्या मुलाला. भारतातले पहिले यशस्वी. या गोष्टींत बाळाचे पुढे काय झाले ते सगळे विचारतात. मी दात्याचे पान शोधते. ते नेहमी आखूड असते.

२३ जुलै

को-ऑर्डिनेटरने रीतसर मार्गाने बोरिवलीला निरोप पोचवला. नाव नाही, गाव नाही. रुग्ण चालू लागला आहे, एवढेच. आज दहावा दिवस.

२४ जुलै

पेशी ११०. ताप नाही. अंधेरीच्या मुलाचा ड्रेन काढला. टाका मीच घातला, असिस्टंटला दिला नाही. आई म्हणाली, "चहा घेता का?" थर्मासच्या झाकणातून घेतला.

२५ जुलै

पुन्हा पाऊस. क्रिएटिनिन १.५.

२६ जुलै

चरबी ८ टक्के. वजन ६८.१.

सोमवार.

२८ जुलै, रविवार

पैशांचा हिशेब अजून लागत नव्हता. वीस लाखांच्या पुढचा आकडा. बेस्टमधल्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढली. डेपोतले दोघे स्वतः पावती घेऊन आले. राहिलेली रक्कम ट्रस्टच्या मदतीतून.

त्याची माळ तिने उतरवून घेतली. रुमालात बांधून सासूकडे दिली.

२९ जुलै, सोमवार

सकाळी ७.१० ती ओटीत. चालत आली. तिच्याआधी मी टेबलाजवळ उभी. हे मी प्रत्येक दात्यासाठी करते. झोपताना तिला ओळखीचा चेहरा दिसावा.

क्यूसाच्या कंपनांनी पेशी फोडत, एकेक शीर उघडी करत. चार तास. रक्त कमी गेले. पित्तनलिकेचा एक्स-रे दोनदा काढला. कडेवर मलमलीची पांढरी पट्टी दाबून धरली, उचलून बघितली. पिवळा ठिपका नाही. पुन्हा दाबली. पुन्हा बघितली. असिस्टंट गप्प उभा राहिला. त्याला माहीत आहे.

शेजारच्या ओटीत त्याचे पोट उघडलेले. तुकडा ६५५ ग्रॅम. त्याच्या कोरड्या वजनाच्या एक टक्क्याला पोचतो. आठ दशांशावर भागते.

धमनी अडीच मिलीमीटरची. केसाहून बारीक दोरा. इथे हात नाही, श्वास आवरावा लागतो.

३० जुलै

पहाटे २.१५. दोघे आयसीयूत, मध्ये एक भिंत. ती शुद्धीवर. पहिला प्रश्न त्याचा. दुसरा: "माझं वाढायला लागलं का?"

लागले असणार. काही तासांतच सुरू होते.

३१ जुलै

दोन्ही डॉप्लर ठीक. तिच्या ड्रेनमध्ये फक्त पाणी. घरी गेले. आईने केस पुसून दिले, लहान असताना पुसायची तसे.

१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळचा डॉप्लर. धमनीचा आवाज नाही. रेडिऑलॉजिस्टने प्रोब पुन्हा ठेवला. पुन्हा नाही.

चाळीस मिनिटांत ओटीत. जोडाशी गुठळी. काढली, टोक कापले, नव्याने जोडली. ठोका परत बोटाखाली आला तेव्हा साडेअकरा.

धमनी बंद पडली तर पित्तनलिका मरतात, मग सगळे यकृत. मग दुसरे यकृत लागते. आणि तिच्याकडे दुसरे नाही.

तिला सांगायला मीच गेले. भिंतीपलीकडची धावपळ तिने ऐकली होती. म्हणाली, "माझं चांगलं नव्हतं का?"

नाही हो. तुमचे उत्तम होते. जोड माझा होता.

२ ऑगस्ट

धमनी वाहते आहे. सकाळ, संध्याकाळ.

३ ऑगस्ट, शनिवार

अवयवदान दिन. १९९४ मध्ये याच तारखेला दिल्लीत एम्समध्ये मेंदूमृत दात्याचे हृदय देशात पहिल्यांदा यशस्वीपणे बसवले गेले. एका महाविद्यालयात भाषण. मुलांना आकडे सांगायचे ठरवले होते. सांगितले बोरिवलीच्या मुलाचे, नाव न घेता. आणि हे: मेंदूमृत दात्याचे एक यकृत मिळते, तेव्हा एका धडधाकट माणसावर सुरी चालवायची वेळ टळते. तो कुणाचा मुलगा असतो. बहुतेक वेळा कुणाची बायको किंवा आई.

शेवटच्या रांगेतून प्रश्न: "तुम्हाला भीती वाटते?"
दात्याची वाटते. प्रत्येक वेळी.

धमनी वाहते आहे.

५ ऑगस्ट

ती घरी. वजन उचलायचे नाही, तीन महिने पोळ्या नाहीत. "लाटणं म्हणजे काय वजन?" कणकेचा गोळा पाच किलोचा असतो, हे मला आज कळले.

११ ऑगस्ट

बिलिरुबिन ३.१. टॅक्रोलिमस ९.

१९ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा. उद्या त्याला सोडणार. औषधांचा तक्ता तीनदा म्हणून घेतला. वेळा त्याच्या तोंडपाठ, अर्ध्या मिनिटाचा फरक नाही. एवढी वर्षे वेळापत्रकावर काढलीत.

"वारी कधी?"
पुढल्या आषाढीला विचारा. आता गर्दी नाही, माती नाही, उघड्यावरचे पाणी नाही.
"पांडुरंग थांबतो," म्हणाला.

२ सप्टेंबर

अंधेरीचा मुलगा कामावर रुजू. स्टेंट पुढच्या महिन्यात काढू.

नवा दाता: मुलगी, बावीस वर्षांची, आईसाठी. चरबी ४ टक्के. उरणार ३१. नाही म्हणाले. ती रडली. मी पुन्हा नाही म्हणाले.

९ सप्टेंबर, सोमवार

दीड दिवसाचे गणपती काल गेले. ओपीडी तुडुंब.

कंडक्टरच्या बायकोचा सीटी: यकृत मूळच्या ८५ टक्के. ड्रेनच्या जागी फिकट ठिपका. मी न सांगता काट्यावर उभी राहिली. ६७.६. "आता काट्याची गरज नाही," म्हटले. "सवय लागली," म्हणाली. सकाळी अजून चालते. तो सोबत असतो, मास्क लावून. माळ परत गळ्यात.

हे सगळे नंतरचे. आधी सिस्टरने बाराव्या नंबरला हाक मारली होती. दार उघडले, तर ती आत येईना. मागच्या बाकावर भांडुपची मुलगी आणि तिची आई. मुलीच्या खांद्याला कॉलेजची बॅग. आईच्या मांडीवर कंडक्टरच्या बायकोचाच स्टीलचा डबा.

"त्यांना आधी घ्या, मॅडम. तिचं लेक्चर आहे."

त्यांना आधी घेतले.